संमतीचा पाया

३ जानेवारी, सकाळी ७
मराठी मंडळात १८ तारखेला माझं व्याख्यान. विषय: उदारमतवादाचा पाया. नवा रायपूरमधल्या आमच्या ऑफिसात इतका खोल विचार करणारा मी एकटाच. ठराव: तत्त्व आधी घरात, मग स्टेजवर. आजपासून घर लिबरल.

५ जानेवारी
चहा घेताना बायको पद्मजा आणि मुलगी स्वरदा, दोघींना तत्त्व समजावलं. माणूस जन्मतः स्वतंत्र. दुसऱ्याचं नुकसान होत नाही तोवर कुणी कुणाला अडवू नये. स्वरदा मान डोलावून "हव" म्हणाली आणि पंडरीला निघून गेली. तिथे कापडाच्या होलसेलरकडे नोकरी करते. पद्मजानं विचारलं, "मंग सैपाक मीच काहून करून राहिली?" प्रश्न उत्तम. व्याख्यानात घेईन.

८ जानेवारी
पद्मजानं स्वातंत्र्य वापरलं. सकाळीच बहिणीसोबत सदर बाजारात. डबा नाही. ऑफिसजवळ रस्ते रुंद, हॉटेल लांब. उपाशीपोटी चिंतन चांगलं होतं, हे साफ खोटं.

११ जानेवारी
नागपूरहून भार्गवच्या वडिलांचा फोन. पोट्टा चांगला, नोकरी चांगली. स्वरदासाठी या स्थळाला होकार देऊन टाकला. पद्मजाच्या कानावर घातलं. स्वरदाला व्याख्यानानंतर सांगेन. तत्त्वात बसतं. देशात राहणाऱ्याला कायदा मान्य असतोच, तसं घरात राहणाऱ्या पोरीला वडील.

१८ जानेवारी
श्रोते चौदा. "संमतीशिवाय सत्ता म्हणजे जबरदस्ती" या वाक्यावर टाळ्या. मग स्वरदा उठली. "पापा, नागपूर वालों को हाँ बोलने से पहले मेरी सहमति किसने ली?" मी म्हणालो, प्रश्न विषयाबाहेरचा आहे. अध्यक्ष शिशिरराव म्हणाले, हाच तर विषय आहे. मीच वेळ संपली असं जाहीर केलं. वीस मिनिटं बाकी होती.

१९ जानेवारी
स्वरदा आपलं ताट घेऊन बाल्कनीत जेवली. लहानपणी रुसली की असंच करायची, तेव्हा मी समजूत काढायला जायचो. आजही गेलो. म्हणालो, चुकलं माझं, उद्या त्यांना नाही सांगतो. "रहने दो पापा," म्हणाली. मन फार मोठं आहे पोरीचं.

२० जानेवारी
तरी फोन केलाच. माफी मागायला सुरुवात केली, तर भार्गवचे वडील म्हणाले, अहो, पोरं दोघं आठवड्यापूर्वीच फोनवर बोलले, दोघांनी मिळून नाही ठरवलं. तुमच्या मिसेसनी कळवलं आम्हाला.
पद्मजा कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं, मले कोणीच काहून नाही सांगितलं?
"तुम्ही कोणाले विचारलं होतं?"
टॉवेलची घडी घालू लागलो. तिनं ती उलगडून पुन्हा घातली.