तेलकट हात

१४ मार्च

प्रिय दादा,

आज सकाळी तुला तुरुंगातून घरी आणले. दुपारी पोचवून आलो. ऊन फार होते.

बाराचा भोंगा झाला तेव्हा आपण पुलावर होतो. खांबावरच्या कर्ण्यातून रोजच्यासारखे साहेबांचे नाव आले, आणि खांदा दिलेल्या चौघांनी तुला रस्त्यावर ठेवले. सगळे टाळ्या वाजवू लागले. पुलावर एकही शिपाई नव्हता, मी दोन्हीकडे पाहिले. काका कानाशी म्हणाले, "वाजव गं बाई. तो सुटला, आपल्याला इथंच राहायचंय."

मी वाजवल्या. कर्णा बंद झाल्यावरच तुला पुन्हा उचलले.

कारखान्यात बाराला टाळ्या न वाजवणारा तू एकटाच असायचास. मुकादमाने हटकले की म्हणायचास, "हात तेलाचे आहेत हो, साहेबांवर शिंतोडे उडतील!" सगळे हसायचे. त्या हसणाऱ्यांतल्याच कुणीतरी वर सांगितले. आई किती वेळा म्हणाली होती, "दोन टाळ्यांनी तुझं काय झिजणार आहे रे?"

आता मंडळी गेली. आई औषध घेऊन झोपली आहे. तुला नेले त्या दिवशी बिजागरीला घालायला तू काढलेली तेलाची कुपी अजून दाराशीच होती. मघाशी मी तेल घातले. दार आता कुरकुरत नाही. कागदाला बोटे लागली आहेत, तेवढे चालवून घे.

हात अजून धुतलेले नाहीत.

तुझी,
धाकटी