जाळीची शाल

चकलांबा

महिला सहकारी संस्थेच्या वच्छलाबाई मॅडमना ताराचा नमस्कार.

शाल का आली न्हाई, असा तुमचा निरोप आला. शाल पुरी झालती. लोकर केसासारखी बारीक, तरी एक टाका सुटला नव्हता.

तुमीच शिकवताना सांगितलं व्हतं, की भेगाळल्या हाताला ही लोकर अडकते, विहिरीच्या दोराला हात लावू नका. मी घरी तसंच सांगितलं. सासूबाई म्हणल्या, "तू विण. पाणी मी आणते." दुष्काळानं विहीर तळाला गेलेली. दोन महिने त्यांनी माझ्या वाट्याचा पोहरा ओढला, आणि घरी येऊन माझ्याच हाताला तेल चोळलं.

मंगळवारी ओढताना त्यांचा तोल गेला.

मयताचं कापड आणायला माणूस गेवराईला गेलता. तवर तोंड झाकायला म्हणून तुमची शाल टाकली. कपाळाची खोक जाळीतून सगळ्या गावाला दिसली. त्या जाळीचं एकेक भोक मीच मोजून पाडलं व्हतं.

शाल त्यांच्यासंगंच गेली. हे पत्र मी धाडणार न्हाई. लोकर उंदरानं कुरतडली, एवढाच निरोप जीपवाल्याजवळ दिलाय.

आता पोहरा मी ओढते.

तारा