नदीकाठचा तुकडा

दीपमाला,

मी पुढं कन्नडला चाललोय. शेळ्यांना पाला टाकलाय. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे.

पूर ओसरल्यावर सगळा गाव ट्रॅक्टर लावून गाळ उपसत होता, न् तू आपल्या बांधावर आडवी उभी राहिलीस. "पंचनामा झाल्याबिगर एक पाटी बी हलू देणार नाय," म्हणलीस. मी लई ओरडलो तुझ्यावर. पंचनाम्याचे साहेब सडकेवरूनच लिहून निघाले होते, तू त्यांना बूट काढायला लावून गाळात उतरवलंस. ज्यांनी आधीच रान साफ केलं ते आता नुकसानीचे फोटो हुडकत फिरतायत. आपलं नाव मदतीच्या यादीत लागलं. सासऱ्यानं सुनेला हे तोंडावर सांगणं मला जमत नाय, म्हणून लिहितोय.

आता पुरानं खरवडलेल्या नदीकाठच्या तुकड्यात तुला बांबू लावायचाय. मुळ्या माती धरतील, काठ्या कारखान्याला जळण म्हणून जातील, हे मला पटलं. पण सातबाऱ्यावर नाव असल्याबिगर अनुदानाचा अर्ज घेत नायत. "मामा, तुमच्या नावानं भरू," म्हणलीस. मी भरणार नाय.

आधार कार्ड न् फोटो घेऊन कन्नडच्या रजिस्ट्री ऑफिसला ये. नदीकाठचा तुकडा तुझ्या नावावर करतोय, तुझी सही लागंल. अर्ज तूच भर.

पुण्याहून तुझ्या नवऱ्याचा फोन येईलच. "मला का विचारलं नाय?" म्हणला तर भांडू नको. पुरानंतर बांधावर कोण उभं होतं, एवढंच त्याला विचार.

मामा