गळलेला शब्द

३ जून, सोमवार

हॉस्पिटलात दुभाषी नेमायची आहे. आम्हा बहिऱ्या पेशंटांना डॉक्टरांचं बोलणं हातांच्या भाषेत सांगणारी. आणि निवड करायला मी! मोठ्या डॉक्टरीणबाई, मेट्रन आणि छापखान्यात प्रुफं तपासणारी मी. तिघींत बहिरी मी एकटीच. लेक हसली. म्हणाली, सुटले बाई, आता तुझ्या प्रत्येक तपासणीला रजा टाकायला नको. घरात आम्ही दोघीच. ती लहान असल्यापासून डॉक्टरांपुढे माझे कान तीच.

अर्जांतून दोघी उरल्या. एक विद्यापीठात पहिली आलेली, पदकवाली. पण वर्गाबाहेर बहिऱ्या माणसाशी फारशी बोललेली नाही. दुसरीजवळ पदवीचा कागद एकही नाही, पण आईबाप बहिरे — तोंड फुटायच्या आधी हात चालायला लागलेले. डॉक्टरीणबाई म्हणतात, मार्क ते मार्क. मेट्रन म्हणतात, अनुभवाला तोड नाही. मी मेट्रनच्या बाजूची. त्या दुसरीच्या एका विनोदावर ऑफिसात खो खो हसले मी! पदकवालीची बोटं म्हणजे पुस्तकातली चित्रं.

५ जून

आज परीक्षा. मी पेशंट आहे असं धरून डॉक्टरीणबाईंनी बोलायचं, यांनी एकेकीने मला सांगायचं. बोलण्याचा मजकूर माझ्यापुढे पालथा ठेवलेला.

पदकवाली अडखळली. डॉक्टरीणबाईंना मध्येच थांबवलं. मनगटं ताठ, कपाळावर घाम. पण डोळ्यांत डोळे घालून सांगितलं — पोटात गाठ आहे, कॅन्सर असू शकतो, ऑपरेशन लांबवलं तर जिवावर बेतेल.

दुसरी पाण्यासारखी. छोटंसं ऑपरेशन आहे, डॉक्टर हुशार आहेत, घाबरू नका. मला खरंच धीर आला!

मग कागद उलटला. गळलेले शब्द शोधण्यावरच माझं पोट चालतं. इथे कॅन्सरच गळला होता.

का, ते विचारलं. काय चुकलं हे आधी तिला कळेचना. मग हात हळू झाले. "घरी मी असंच सांगायचे. भीतीचं तेवढं माझ्याकडे ठेवून घ्यायचे."

"कधीपासून?"

"शाळेत जायला लागले तेव्हापासून."

तिच्यावर रागावणार तरी कसं?

६ जून

पदकवालीला घेतलं. डॉक्टरीणबाईंची कळी खुलली — बघा, मार्क खोटं बोलत नाहीत! मी कागदावर लिहून दिलं, मार्कांसाठी नाही घेतलं, तिने काही गाळलं नाही म्हणून घेतलं. काल तिला विचारलं होतं, एवढं वाईट तोंडावर सांगवलं कसं? म्हणाली, "दुखणं तुमचं आहे. काय सांगायचं हे मी कोण ठरवणार?" कोर्सला हे सगळ्यात आधी शिकवतात म्हणे. म्हणजे पुस्तकातही काहीतरी असतं तर.

दुसरीला नकार सांगायचं माझ्यावर आलं. सांगितला, काही न गाळता. हेही सांगितलं की विद्यापीठात प्रवेशाला आता अनुभवाचे गुण धरतात, तू कोर्स कर, शिफारस मी देते. वाटलं, रडेल. उलट डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसे तिचे खांदे सैल झाले. म्हणाली, ठेवून न घ्यायला शिकवतात का खरंच?

८ जून

जेवताना लेकीच्या हातांकडे बघत होते. विचारायचं होतं ते सोडून लोणचं मागितलं.

१७ जून

माझी छातीची तपासणी. आत मी, डॉक्टर आणि पदकवाली. लेक बाहेर बाकावर पेपर वाचत — पहिल्यांदाच! मनगटं अजून ताठच आहेत पोरीची. असू देत. हृदय थोडं मोठं झालंय, गोळ्या जन्मभर, मीठ कमी. काळजीचं कारण नाही — आणि हे वाक्य खुद्द डॉक्टरांचं, दुसऱ्या कुणी मायेने घातलेलं नाही. केवढं हलकं वाटलं. इतके प्रश्न विचारले की डॉक्टर घड्याळ बघायला लागले.

१८ जून, सकाळी

लेक चहा घेऊन समोर बसली. कप खाली ठेवला. बोलायला हात मोकळे हवेत. "बाबांचं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. फार तर दोन महिने. मी तुला सांगितलं, बरे होतील."

सहावीत होती ती. आणि इतकी वर्षं मी त्या डॉक्टरांना बोल लावत आले, वेळेवर सांगितलं नाही म्हणून.

तिचे दोन्ही हात हातात घेतले. आमच्यात हात धरले की बोलणं बंद.

मग सोडले. म्हटलं, आता सांग. सगळं.