विल्फ, फेल, मंगळवारी बॅक

ब्लेथरडेल, कंब्रिया, इंग्लंड
१० सप्टेंबर १९८३

ती. ओदील आत्या,
सा. न. वि. वि.

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल. टाइपरायटर मेंढीबाजारातला टाकून दिलेला आहे, आणि मी एका बोटाने टाइप करते. एवढ्या ओळींना जेवणाची वेळ झाली.

ईस्टरला शाळा सोडली हे बाबांनी कळवलंच असेल. आता आजोबांबरोबर मेंढ्या बघते. एडिथ आजीचं इंग्रजी त्या पक्षाघाताच्या झटक्यात गेलं, नुसतं फ्रेंच उरलं, ते तसंच का? आजोबा रोज विचारतात. म्हणजे विचारत नाहीत, तुझं पत्र कुठे ठेवलंय ते विचारतात.

त्यांना ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही कमी. जाताना स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहून जातात. गेल्या सोमवारचं तसंच उतरवते, आजीला वाचून दाखव, भावाचा आवाज ऐकल्यासारखं वाटेल:
विल्फ. फेल. बॅक. ट्यूजडे.

आजीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, माझ्या स्पेलिंगांमुळे कमी करू नकोस.
जिनी

ला फाजोल, कांताल, फ्रान्स
१५ सप्टेंबर

चि. जिनी,
अनेक आशीर्वाद.

पोरी, असली बातमी अशी देतात का? मी शाळेत शिकलेल्या इंग्रजीत वाचलं, फेल म्हणजे पडला, बॅक म्हणजे पाठ: विल्फ पडला. पाठ. मंगळवार. आणि तू लिहितेस, आजीला वाचून दाखव. मी दाखवलं.

तेव्हापासून आई जेवत नाही. कॉफीत बुडवून पावाचे दोन तुकडे, बस्स. विल्फ गेला आणि तुम्ही लपवताय, एवढंच म्हणते. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच अशक्त आहे, अशी आठ-दहा दिवस राहिली तर ते काही सांगू शकत नाहीत.

तुमच्याकडे फोन केला. कोणीतरी उचलला, मी तीनदा विचारलं, विल्फमामा कसे आहेत, आणि पलीकडून फोन ठेवला गेला. आई शेजारीच बसली होती. आता तिला काय सांगू?

जे असेल ते खरं कळव. रागावले असले तरी तू माझीच आहेस.
ओदील

ब्लेथरडेल
१९ सप्टेंबर

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

फोन मीच उचलला होता. फ्रेंच ऐकलं, एक अक्षर कळेना. ठेवून दिला. मग दोन दिवस नीट जेवले नाही. पण मी न जेवून काय उपयोग.

आजोबा पडलेले नाहीत. पाठ ठणठणीत आहे. आत्ता खाली कुत्र्याला शिव्या देतायत. आमच्याकडे फेल म्हणजे वरचा डोंगर, जिथे मेंढ्या चरतात. बॅक म्हणजे परत येतो. तुमच्या पुस्तकातल्या इंग्रजीत हे नाही, हे मला कुठे ठाऊक.

शब्दकोश आणला. टेकडीला तुमच्यात कोलीन म्हणतात ना? आजोबांना लिहून दाखवलं. ते म्हणाले, कोलीन म्हणजे ती टपाल ऑफिसातली? तिच्यावर मेंढ्या कशा चरणार? मग हसले नाहीत. म्हणाले, टेकडी वेगळी, फेल वेगळा. फेलला कुंपण नसतं. मेंढीला आपली जागा आईकडून कळते, ती सोडून जात नाही. एडिथही इथेच वाढली, तिलाही कळायची.

पण दुसरा शब्द मला सापडला नाही. कोलीनच सांग. आजी जेवली का ते लगेच लिही, नाहीतर मला झोप नाही.
चुकलेली,
जिनी

ला फाजोल
२४ सप्टेंबर

चि. जिनी,
अनेक आशीर्वाद.

कोलीन सांगितलं. आईने बशी ढकलली. म्हणाली, कोलीनवर माणसं रविवारी डबा घेऊन जातात. माझा विल्फ जन्मात कोलीनवर गेला नाही. तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही.

मी रडतच बाहेर आले. शेजारचा मार्सलँ कुंपण ठोकत होता. गप्प राहायचं कसं, म्हणून उगाच विचारलं, गाई कुठे आहेत? म्हणाला, मोंतान्यवर, आणखी कुठे. जिनी, शाळेत मोंतान्य म्हणजे मोठा पर्वत. पण इथल्या गुराख्यांच्या तोंडी तो म्हणजे वरचं कुरण, उन्हाळ्यात गुरं न्यायचं. लहानपणापासून ऐकतेय आणि मला सुचलं नाही.

तशीच आत गेले. म्हटलं, आई, विल्फ मोंतान्यवर गेला होता, मंगळवारी खाली आला.

ती माझ्याकडे वळली. मग विचारलं, धुकं होतं का. मग, कुत्रं कोणतं नेलं होतं. मग म्हणाली, बरोबर भाकरीतुकडा न घेता गेला असेल, गाढव. आणि सूप मागितलं. अर्धा वाडगा प्यायली. मीठ कमी आहे म्हणून मलाच सुनावलं.

तुझ्या हातून चूक झाली हे खरं. पण टेकडी वेगळी, फेल वेगळा, हे तू लिहिलंस म्हणून मी कोलीनवर थांबले नाही. तर आता चुकलेली अशी सही करायची नाही.
ओदील

ब्लेथरडेल
२९ सप्टेंबर

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजोबांनी दोनदा वाचलं. गाढव या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे एडिथचं का ओदीलचं? पाटीवर लिहिलं, एडिथचं. मग बूट घालत बसले, नेहमीपेक्षा कितीतरी वेळ. निघताना म्हणाले, कळव तिला, कुत्री जुनीच नेली होती, आणि धुकं नव्हतं. भाकरीचं काही लिहू नकोस म्हणाले. नेली नव्हती.

पुढच्या वेळी फोन आला तर मी ठेवणार नाही. बोलेनच असं नाही, पण ठेवणार नाही. आजीला फक्त श्वास ऐकू आला तर सांग, जिनी आहे.

तुझी,
जिनी

आणि हो, आमच्या चर्चच्या घंटेत मधमाशा बसल्यात, रविवारी ती वाजवायची कोणी हिंमत केली नाही.