अन्विताच्या वर्गात माझी अर्धी मिशी

नझरबाद, म्हैसूर
ता. ९ मे

ती. स्व. सरस्वतीअक्काच्या सेवेशी,

धाकटा भाऊ नागोजी याचा इथूनच वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो तर अन्विताला हाक मारून सरळ करून घ्यावं लागतं, म्हणून मनानेच वाकलो आहे असं समज.) तुझ्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं का ते कळव. जुनं तेल लागू पडत नव्हतं असं तू म्हणायचीस, पण ती बाटली वर्षभर उघडलीच नव्हती हे तुझ्या पुनीतनेच मला सांगितलं आहे. तुमच्या हुणसूरकडे आता तंबाखूची रोपं लावायची धांदल असेल, रस्त्यावर ट्रॅक्टर असतील, तरी तू रोज देवळात चालत जातेस हेही कळलं. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर दोनदा जाशील. इकडे मी ठीक आहे. साखर थोडी वर, रक्तदाब थोडा खाली, सरासरी उत्तम.

गेल्या खेपेला तू म्हणालीस की फोनवर मी तीन वाक्यांत आटपतो, आणि अन्विताची ही घरबसल्या शाळा म्हणजे नेमकं काय ते तुला अजून कळलेलं नाही. म्हणून आज सगळं नीट लिहायला बसलो आहे. तुला ठाऊकच आहे, आमचा विश्वजीत बोगदे खणतो आणि सूनबाई चैत्रा त्याच कंपनीत बोगद्यातला खडक तपासते. बोगदा संपला की बिऱ्हाड हललं. पोरगी अकरा वर्षांची, आणि तिच्या चार शाळा झाल्या. चौथ्या शाळेतून नाव काढलं त्या दिवशी तिने आईला शांतपणे सांगितलं, ‘आता मी मैत्रिणी करणार नाही. दर वेळी सोडून याव्या लागतात.’ रडली नाही, रुसली नाही. आपल्या कॉलेजात सुपरिंटेंडंट फाईल बंद करून दोरी बांधायचा ना, तसं बांधून ठेवलं. मग ह्या दोघांनी तिला कॉम्प्युटरवरच्या शाळेत घातलं. कुठेही गेलं तरी शाळा पिशवीतून सोबत येते, सोडावी लागत नाही. पुढे हिमाचलातल्या साइटवर नेटवर्कच मिळेना, तेव्हा गेल्या जूनमध्ये पोरगी, लॅपटॉप आणि कानात घालायच्या वायरींच्या तीन जोड्या माझ्याकडे आल्या.

तर ही शाळा अशी. सकाळी नऊला अन्विता पुढच्या खोलीत टेबलाशी बसते. पडद्यावर अठरा चौकोन असतात. सतरा चौकोनांत सतरा मुलं, आणि अठराव्यात नुसतं ‘ए’ हे इंग्रजी अक्षर. ते अक्षर म्हणजे आपली पोरगी. कॅमेरा बंद, माइक बंद. उत्तरं सगळी टाइप करून पाठवायची, आणि सगळी बरोबर. अभ्यासाशिवाय मुलांची चौफेर वाढ व्हावी म्हणून दर शुक्रवारी तीन वाजता ‘एन्रिचमेंट’ म्हणून वेगळा तास असतो, आणि दर शनिवारी ईमेलने प्रशस्तिपत्र येतं. कधी ‘जिज्ञासू मन’, कधी ‘उगवता तारा’, कधी ‘उत्तम श्रोता’. मी ती एकूण एक कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावली. (सुमाच्या, तुझ्या भावजयीच्या, फोटोशेजारी. ती असती तर पोरीचं कौतुक नंतर, आधी भिंतीला भोकं का पाडली ते विचारलं असतं.) एकवीस झाली तेव्हा अन्विता म्हणाली, ‘अज्जा, ते लॉगिन केलं की येतं. खुर्चीत मांजर बसवलं तरी येईल.’ त्यानंतर मी नवीन खिळे आणले नाहीत. पण मनात आलं, अक्का, की एकवीस कागद आले आणि ह्या पोरीचा आवाज त्या शाळेत एकानेही ऐकलेला नाही.

आता जे घडलं ते सांगतो. फेब्रुवारीतला शुक्रवार. संध्याकाळी बन्नीमंटपाकडे एका रिसेप्शनला जायचं होतं म्हणून मी मिशीला कलप लावत होतो. उजवी बाजू झाली होती, डावी व्हायची होती, अंगावर बनियन, खांद्यावर पंचा. पुढच्या खोलीत आरसा आहे म्हणून तिथे गेलो, तर अन्विता पाणी प्यायला आत गेलेली आणि पडद्यावर सिंधू मॅडम प्रयोग दाखवत होत्या. (ह्या पुण्याच्या. पोर चांगली आहे, तिशीचीसुद्धा नसेल.) प्रयोग जास्वंदीचा, आपल्या दासवाळाचा. फुलाचं पाणी काढायचं, लिंबू पिळलं की लालभडक, सोडा टाकला की हिरवं. पण मॅडमचं पाणी काही केल्या रंग बदलेना, कारण फूल त्यांनी गार पाण्यात बुडवलं होतं. आणि काचेचा ग्लास टेबलाच्या अगदी कडेला.

अक्का, मी चौतीस वर्षं केमिस्ट्री लॅबमध्ये अटेंडर होतो. प्रयोग करायची मला परवानगी नव्हती, धुवायची होती. किती प्रोफेसर आले नि गेले, त्यांचे फसलेले प्रयोग मोरीत ओतताना का फसले ते मला कळायचं, पण विचारणार कोण? आणि कडेला ठेवलेला ग्लास बघितला की माझा हात आपोआप पुढे जातो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तसाच तो गेला. पडद्यातला ग्लास मागे सरकवायला मी पुढे झुकलो, कोपर कुठल्या बटणावर पडलं देव जाणे, आणि मी म्हणालो, ‘मॅडम, ग्लास अगोदर मागे घ्या. आणि पाणी कढत पाहिजे, गार पाण्यात रंग सुटत नाही.’ मी हे स्वतःशी म्हणालो होतो. पण सतरा मुलं एकदम माझ्याकडे बघायला लागली, आणि अठराव्या चौकोनात अक्षराच्या जागी मी होतो, एका बाजूला काळा आणि एका बाजूला पांढरा.

मॅडमनी ग्लास मागे घेतला. कढत पाणी आणलं. हिरवा रंग आला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मला मराठीत विचारलं, ‘आजोबा, आपण मूळचे कुठले?’ मी म्हटलं, ‘इथलेच. महाराजांच्या पलटणीबरोबर आलो, दोनशे वर्षं झाली, स्वल्प जास्तच.’ त्या म्हणाल्या, ‘तरीच मराठी स्वल्प निराळं वाटतं.’ (स्वल्प हा ‘थोडं’साठीचा आपला शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला, दोन मिनिटांत.) एवढ्यात अन्विता आली, लॅपटॉप फाटकन मिटला, आणि माझ्याकडे जी बघितली ती नजर थेट तुझी होती.

हे इथेच संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ईमेल आला. अन्विताने वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं म्हणून ‘धाडसी आवाज’ हे विशेष प्रशस्तिपत्र. कॉम्प्युटरला मिशी दिसत नाही, त्याने फक्त अठराव्या चौकोनातून आवाज आला एवढं धरलं. तोच ईमेल हिमाचललाही गेला. चैत्राचा फोन आला. डोंगरावर कुठेतरी चढून तिने नेटवर्क पकडलं होतं. म्हणाली, ‘मामा, ती बोलली. वर्गात बोलली.’ मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ‘हो, बोलली, छान बोलली,’ असं म्हणून फोन ठेवला. ही माझी चूक, आणि ती तुझ्याजवळ कबूल करतो, कारण बाकी कोणी माझ्यापेक्षा मोठं उरलेलं नाही.

अन्विता दरवाजात उभी होती. त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याशी अक्षर काढलं नाही. ताट वाढलं की जेवायची, पाट उचलायची, जायची. सोमवारी सकाळी मात्र मला हात धरून पुढच्या खोलीत नेलं आणि शेजारी स्टुलावर बसवलं. वर्ग सुरू झाला. पोरीने कॅमेरा लावला, माइक लावला. म्हणाली, ‘मॅडम, ते सर्टिफिकेट परत घ्या. ते मी नव्हते. ते माझे अज्जा होते. मी अजून बोललेच नाही.’

सिंधू मॅडम म्हणाल्या, ‘मग हे आत्ता कोण बोललं?’

तेवढ्यात आमच्या गल्लीत कचऱ्याची ऑटो आली. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, ते गाणं वाजवत. म्हैसूरभर तेच गाणं, तुझ्या कानावर आहेच. अन्विता माइक बंद करायला धावली, तर पडद्यातून एक मुलगी म्हणाली, ‘थांब. तू म्हैसूरला आहेस?’ ही म्हणाली, ‘हो.’ ती म्हणाली, ‘मी पण. बन्नीमंटप. आमच्याकडे हीच गाडी सात वाजता येते.’

ती ईश्वरी. आईवडील नाशिककडचे, इथे नोकरीला आलेले. मुलगी स्केटिंग करते, सकाळ-संध्याकाळ सराव असतो म्हणून ही शाळा. आठ महिने दोघी एका वर्गात, एका गावात, आणि पत्ता नाही. पुढच्या रविवारी मी अन्विताला दोन बस बदलून बन्नीमंटपला नेलं. मैदानाजवळच्या बाकावर एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये मी. पंधरा मिनिटं कोणी बोलेना. हवा, पाणी, परीक्षा, सगळे विषय मी एकट्याने संपवले. शेवटी चुरमुरी आणायला उठलो. परत आलो तर ऐकू आलं, ‘तू एवढी उंच असशील असं वाटलं नव्हतं.’ ‘स्क्रीनवर पाय कुठे दिसतात?’ आणि दोघी हसायला लागल्या. अक्का, त्या हसण्यापायी माझी चुरमुरी मऊ पडली, पण मी झाडामागेच उभा राहिलो.

तेव्हापासून दर शुक्रवारी ईश्वरी आमच्याकडे येते आणि एन्रिचमेंटचा तास दोघी एकाच चौकोनात बसतात. बीट, हळद, मैसूर मल्लिगेचा मोगरा, सगळ्यांचं पाणी काढून झालं. (मल्लिगेला रंग येत नाही, नुसता वास येतो. तरी तीन वेळा केलं.) ग्लास मी धुतो, सवयीने. पण परवा अन्विता म्हणाली, ‘अज्जा, आज तुम्ही करा, आम्ही धुतो.’ मी केलं. पहिल्याच खेपेला हिरवा आला. मार्चअखेर त्यांचा अचीव्हमेंट डे झाला, सगळ्या मुलांना बक्षिसं होती, ह्या दोघींना काही नाही; बहुतेक एका चौकोनातल्या दोघी कॉम्प्युटरला मोजता आल्या नाहीत. मी हिरमुसलो. ह्या दोघी माइक बंद करून कशावरून तरी इतक्या हसत होत्या की बक्षीस गेलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

बाकी इकडे सर्व क्षेम. मागच्या आठवड्यात विश्वजीतचा फोन होता. जूनपासून त्याला आंध्रातली साइट मिळाली आहे, नेटवर्क उत्तम आहे, पोरीला घेऊन जातो म्हणाला. ‘शाळा तीच राहणार मामा, तिचं काहीच बदलणार नाही,’ असं चैत्रानेही मागून सांगितलं. त्या दिवशी पोरीने वर्गात कॅमेरा लावला नाही. असो. आंबे अजून महाग आहेत. पुनीतला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
नागोजी

ता. क. आंब्याचं लिहिलं ते सुम्ने, उगाच लिहिलं. पत्राचं खरं कारण हे, की विश्वजीत शिकायला दोन वर्षं तुझ्या घरी होता आणि तुझ्यापुढे अजून त्याची मान वर होत नाही. त्याला फोन करून सांग की पोरीला निदान एक वर्ष म्हैसूरलाच राहू दे. मी सुचवलं असं म्हणू नकोस. तुलाच आपलं वाटलं असं म्हण.

ता. क. दुसरा. मला सोबत हवी म्हणून हे लिहितो आहे असं तुला वाटेल. तसं मुळीच नाही. पोरगी येण्याआधी तीन वर्षं मी एकटा होतो आणि माझं सगळं नीट चाललं होतं. संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन हुणसूरच्या बस सुटताना बघत बसायचो, तेवढंच.

ता. क. अन्विताकडून. अक्काज्जी, नमस्कार. अज्जांनी पाकीट बंद करून पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी वाचलं. सॉरी. माझं मराठी स्लो आहे म्हणून दोन दिवस लागले. माझ्या अप्पांना मी रविवारीच विचारलं होतं. मी म्हटलं, शाळा तीच असेल पण ईश्वरी तिथे नसेल, आणि अज्जा पण नसतील. अप्पा खूप वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, राहा. मी अज्जांना सांगायला गेले तर ते हे पत्र लिहीत होते आणि मी आले की पानावर हात ठेवत होते. म्हणून प्लीज तुम्ही अप्पांना फोन करू नका, अज्जांना करा. सांगा की तुम्ही अप्पांशी बोललात आणि अप्पा तुमचं ऐकून लगेच हो म्हणाले. हे लिहायला त्यांना चार दिवस लागलेत.