तन्वीने फाडलेला त्रिकोण

प्रिय ताई,

आत्ताच तुझ्या शाळेतून आलो. पाणीही न पिता लिहायला बसलोय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू गेल्यापासून तुझा कागदाच्या घड्यांचा शनिवारचा तास रिकामाच होता. तो सराव परीक्षेला द्यायचा, असं मोठ्या बाईंचं जवळपास ठरलं होतं. मी फारच मागे लागलो, तेव्हा म्हणाल्या, एकदा घेऊन दाखवा, मी मागे बसते. म्हणजे तुझी भूमिती राहणार की जाणार हे माझ्या हातात! ज्याला कागदाची होडी कधी धड जमली नाही, त्याच्या!

मी घरूनच त्रिकोण कापून नेले होते, तिन्ही बाजू सारख्या. घडी तळाला समांतर ठेवून वरचं टोक तळाच्या बाजूवर टेकवलं, उरलेले दोन कोपरे त्याच्या दोन्ही अंगांना दुमडले. तिन्ही कोन मिळून सरळ रेषा! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश.

तेवढ्यात सारसोळे गावची तन्वी उठली. तुझी लाडकी ना ती? "सर, तुमी चांगला त्रिकोन आनला म्हनून जमला. वाकड्याचं नाय जमनार."

तिने रद्दीतून एक लांबट, पसरट त्रिकोण फाडला. आखूड बाजू तळाला धरून टोक तसंच दुमडलं, तर ते तळाच्या पार बाहेर पडलं! हे कधी का सांगितलं नाहीस ग? मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. माझा हात पुढे गेला, पण करायचं काय हेच ठाऊक नव्हतं. गपचूप मागे घेतला.

तन्वीने कागद फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला. सगळ्यात लांब बाजू खाली आली आणि टोक बरोबर तळावर टेकलं. दोन्ही कोपरे शेजारी येऊन बसले.

"आयला, याचं पन जमतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

मग काय विचारतेस! न जमणारा त्रिकोण शोधायला अख्खा वर्ग कागद फाडत सुटला. मागे पाहिलं, तर मोठ्या बाईही मान खाली घालून एक त्रिकोण दुमडत होत्या. घंटा झाली तरी उठेनात. जाताना एवढंच म्हणाल्या, "सरावाला दुसरा वार बघते. शनिवारी हेच. पण यायचं तुम्ही."

ताई, ते लांब बाजूचं तू मुद्दामच सांगितलं नाहीस ना? मुलांनाही असंच अडू द्यायचीस? तू होतीस तेव्हा विचारायचं सुचलंच नाही बघ.

मी जाणार, दर शनिवारी. आणि शब्द देतो, कापलेले त्रिकोण नेणार नाही. मुलंच फाडतील. कुणाचं अडलं, तर मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहीन. फार जड जाईल. पण राहीन.

तुझा,
बाळू